पोटखराबा

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चुलतभावाने सातबाऱ्याचा फोटो टाकला आणि खाली तीन शब्द लिहिले, "पार्टी आली आहे." नाशिकच्या आत्याने लगेच विचारलं, "कसली पार्टी? वाढदिवस कुणाचा?" तिला समजावण्यात दुपार गेली. जमिनीच्या व्यवहारात पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. आमच्या माळाला गिऱ्हाईक आलंय. प्लॉटिंगवाला.

संध्याकाळपर्यंत त्या सातबाऱ्याखाली अकरा अंगठे जमले. (वर केलेले. पूर्वी सावकाराच्या कागदावर शाईचे उमटवायचे, आता असे.) बारावा अंगठा माझा. वडील गेल्यावर माझंही नाव त्या सातबाऱ्यावर लागलंय, त्यामुळे माझी सही लागणार. ती मी अजून केलेली नाही, आणि का नाही केली हे सांगायला ही पोस्ट. ग्रुपवर एवढं लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं आणि मध्येच कुणीतरी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हणालं असतं. इथे निदान शेवटपर्यंत बोलता येतं.

ज्यांचा सातबाऱ्याशी संबंध नाही अशा मित्रमंडळींसाठी थोडं सांगतो. आमचं गाव पुरंदर तालुक्यात, पूर्वेच्या अंगाला. दिवे घाट चढून सासवड मागे टाकलं की हळूहळू झाडं विरळ होतात, पाऊस विरळ होतो आणि जमीन तांबूस-पिवळी होत जाते. तिकडे आमचा चार एकर बावीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे. खाली ओढ्यालगत थोडी बरी जमीन, बाकी सगळा मुरूम. सातबाऱ्यावर त्या बाकीच्या भागापुढे लिहिलंय 'पोटखराब'. म्हणजे लागवडीला नालायक. त्याची आकारणी नाही, त्याच्यापुढे पीक नाही, सरकारच्या लेखी तिथे काहीही घडत नाही.

आता तिथे काय घडतं ते सांगतो.

जूनचा पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत त्या मुरमावर हिरवी लव दिसायला लागते. श्रावणात ते गवत घोट्याच्या वर येतं, भाद्रपदात गुडघ्याला लागतं. पवना, मारवेल, कुसळी. दसऱ्यानंतर सगळा माळ पिकल्यासारखा सोनेरी होतो आणि संध्याकाळी वारा सुटला की लाटा येतात. (कुसळं पायजम्यात शिरली की मात्र काव्य संपतं.) त्या गवतात ससे, उंदीर, घोरपडी, तितर. उंदरांमागे खोकड. ओढ्याच्या काठाला साळिंदराची बिळं. पलीकडे बंद पडलेल्या खाणीत तरस राहायचं, त्याची पांढरी, खडूसारखी विष्ठा आम्ही लहानपणी गोळा करायचो. हाडं खाऊन खाऊन ती तशी होते हे फार नंतर कळलं, तेव्हा आम्हाला ती पाटीवर लिहायला उपयोगी पडेल असं वाटायचं. आईने हात कितीदा धुवायला लावले असतील! आणि लांब उजाड टेकाडावर क्वचित चिंकारा, उभा राहून आपल्याकडे बघणारा. चिंकाऱ्याला दाट झाडीत करमत नाही. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळी जागा पाहिजे, एवढीच त्याची मागणी.

आणि लांडगा.

१९८८ सालची दिवाळीची सुट्टी. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, मला घेऊन गवत कापायला निघाले होते. 'माळ' हा शब्द अण्णांनी त्या तुकड्यासाठी कधी वापरला नाही, ते 'कुरण' म्हणायचे. पावसाळ्यात तिथे गुरं सोडायची नाहीत, दिवाळीला गवत कापायचं, गंजी लावायची, मग मोकळं करायचं. हा त्यांचा कायदा होता आणि तो मोडल्याबद्दल तात्यांनी (तात्या, तुम्ही नाकारू नका) एकदा मार खाल्लेला आहे. तर त्या दिवशी उन्हं कलताना खिंडीपाशी आलो आणि अण्णा एकदम थांबले. समोर पन्नासेक पावलांवर गवतात एक जनावर उभं होतं. कुत्र्यासारखं, पण कुत्रं नव्हे. लांब पाय, बारीक कंबर, अंगाचा रंग इतका गवताचा की हललं नसतं तर दिसलंच नसतं. त्याने आमच्याकडे बघितलं. घाबरून नव्हे, रागाने नव्हे, रस्त्यात कुणी ओळखीचं दिसावं आणि बोलायची इच्छा नसावी तसं. मग ते आपल्या वाटेने निघून गेलं, एकसारख्या दुडक्या चालीने. मी अण्णांचं धोतर घट्ट धरलं होतं. ते म्हणाले, "सोड. तो कामाला चाललाय."

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आम्हाला शाळेत होती. त्या गोष्टीत खोटं बोलणारा मुलगा असतो, पण बदनाम झाला तो लांडगा.

ह्या जनावराविषयी मी मोठेपणी जे वाचलं ते वाचून मला थोडी लाजच वाटली. आपला माळावरचा लांडगा म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या केसाळ लांडग्याचा गरीब नातेवाईक नव्हे. २०२१ मध्ये जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार भारतीय उपखंडातल्या लांडग्याचं घराणं जगातल्या सगळ्या करड्या लांडग्यांच्या घराण्यांत अतिप्राचीन घराण्यांपैकी एक आहे. २०२५ मध्ये आययूसीएन ह्या जागतिक संस्थेने त्याची प्रथमच वेगळी नोंद केली आणि त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. अंदाज तीन हजारांच्या आसपास. आता तुलना करा. २०२२ च्या गणनेत भारतात ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज होता. म्हणजे आपल्याकडे वाघापेक्षा लांडगे कमी असावेत! वाघासाठी प्रकल्प आहेत, जिप्सी आहेत, टोप्या आणि टीशर्ट आहेत. लांडग्याचं नाव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच पंगतीत. पण वाघाला राहायला जंगल आहे. लांडगा राहतो पोटखराब्यात.

माझं भांडण आहे ते ह्या शब्दाशी.

इंग्रजांना महसूल हवा होता. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती 'वेस्ट', असा त्यांचा सरळ हिशोब. ते गेले, हिशोब राहिला. १९८५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ निघालं. २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला गेला, पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. त्यात झुडपी माळ आणि चराऊ रानं 'पडीक' ह्याच मोठ्या मथळ्याखाली बसतात. एकदा पडीक म्हटलं की पुढचं सगळं सोपं. पडीक जमिनीवर कारखाना टाकला तर विकास, सौरऊर्जेच्या काचा टाकल्या तर विकास, रस्ता नेला तर विकास. आणि झाडं लावली तर? तर पुण्य!

आता इथे मला स्वतःचंच पाप सांगायचंय. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली, मग चार कोटी, २०१८ ला तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. त्यातल्या तेरा कोटींमधली निदान सहा झाडं माझ्या हातची आहेत. ऑफिसमधून दोन बस भरून आम्ही एका माळावर गेलो होतो. हिरवे टीशर्ट, पोह्यांच्या पुड्या, सेल्फी. आमच्या आधी तिथे मशीनने टेकाडाला आडवे चर मारून ठेवले होते, सलग, एकाखाली एक, जसं कुणी त्या टेकाडाचे काप करायला घेतलेत. चरांच्या कडेला उलटून पडलेली गवताची ठोंबं मी बघितली. मुळं वर, पिकलेली कुसळं मातीत. मी ती पायाने बाजूला केली आणि गिरिपुष्पाचं रोप लावलं. घरी येऊन ह्याच पानावर त्याचा फोटो टाकला आणि तुम्ही सगळ्यांनी छान छान म्हटलं. तो फोटो मी काढलेला नाही. राहू दे तिथे.

कुणी म्हणेल, झाड लावण्यात काय वाईट? जिथे झाडं होती आणि आपण तोडली तिथे जरूर लावा. सह्याद्रीच्या पश्चिमेला लावा, वेताळ टेकडीला वणवा लागतो तो विझवायला जा, आपल्या सोसायटीत लावा (आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी दोन गुलमोहर गेले तेव्हा सभेला मी एकटाच ओरडत होतो). पण आमच्याकडच्या पर्जन्यछायेच्या माळावर मुरमाच्या पातळ थरावर हजारो वर्षांपासून गवत आहे, ते काही झाडांची वाट बघत थांबलेलं नाही. गवताला ऊन लागतं. सावली पडली की आधी पवना-मारवेल जातं, मग त्यावर जगणारे जातात. गिरिपुष्पाला तर मराठीत 'उंदीरमारी' असंही नाव आहे. उंदीर मारणारं झाड खोकडाच्या ताटात लावायचं आणि त्याला पर्यावरणदिन म्हणायचं!

आणि प्लॉटिंगवाला तरी वेगळं काय म्हणतो? आमच्या गावाच्या फाट्यावर बोर्ड लागलाय. हिरवागार डोंगर (आमच्याकडचा नव्हे, कोकणातला असावा), एक धबधबा (आमच्याकडे नाहीच), कोपऱ्यात हरणाचं चित्र, आणि 'निसर्गाच्या कुशीत हक्काची जागा'. विमानतळ इतक्या मिनिटांवर. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा २०१६ पासून चालू आहे. २०२५ मध्ये सात गावांत भूसंपादनाचं काम पुढे सरकलं, लोकांनी विरोध केला, मोजणीवरून वाद झाले. त्या शेतकऱ्यांचं दुःख मोठं आहे, बागा जाणं म्हणजे काय हे अंजीर-सीताफळं पिकवणाऱ्यालाच विचारावं, आणि त्याच्यात मला लांडग्याचं रडगाणं घुसडायचं नाही. पण विमानतळ होवो न होवो, त्याच्या नावाने वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या माळांची किंमत फुगली. आमच्या पोटखराब्याला पार्टी आली ती तिथून. दिवे घाटाचा रस्ता रुंद होतोय, चक्राकार रस्ता येतोय. ह्या प्रत्येक कामाच्या भरावाला मुरूम लागतो, आणि मुरूम कुठून येतो? पोटखराब्यातून.

गेल्या हिवाळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. आमच्या तुकड्याच्या वरच्या अंगाला ओढ्याची एक दरड आहे, तिच्या पोटात लांडग्याची गुहा होती. गुहा म्हणजे काय, माणूस वाकून शिरेल एवढं भोक. हिवाळ्यात मादी तिथे पिल्लं घालते, आठवड्यांमागून आठवडे सगळा कळप त्या भोकाभोवती फिरतो. अण्णांच्या वेळेपासून गावात माहीत होतं, त्या बाजूला त्या दिवसांत कुणी मेंढरं नेत नसे. मी गेलो तेव्हा दरड नव्हती. जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते, उभे, ताजे. खाली दोन टिपर उभे राहतील एवढी सपाट जागा. कुणी नेला मुरूम, परवानगी होती की नव्हती, मला ठाऊक नाही, आणि विचारलं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पिल्लं होती की नव्हती हेही ठाऊक नाही. तिथे एक मेंढपाळ मामा मेंढरं घेऊन उभे होते, त्यांना विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला.

त्या मामांशी मग तासभर बोललो. त्यांचा वाडा शेजारच्या शेतात उतरला होता. मेंढरं बसवायची, शेताला खत मिळतं, मालक धान्य देतो, पैसे देतो, मग पुढचं गाव. वाघूर लावलेली, आत कोकरांची किरकिर, बाहेर दोन कुत्री. मी शहाण्यासारखं विचारलं, लांडग्याचा राग येत नाही का? ते म्हणाले, "येतो की. कोकरू नेलं की शिव्या घालतो. पण त्याचा बी वाटा हाय. त्यो एक नेतो अन् जातो. ही तुमची गावठाणातली कुत्री आली की धा फाडत्यात अन् खात बी न्हाईत."

'तुमची'. मी मान खाली घातली, कारण ती आमचीच आहेत.

हा मुद्दा फार कुणी बोलत नाही म्हणून थोडा सविस्तर लिहितो. शहर वाढतं तेव्हा आधी माणसं जात नाहीत, आधी कचरा जातो. प्लॉट पडायच्या आधीच रस्त्याकडेला हॉटेलं येतात, मंगल कार्यालयं येतात, पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकतात. त्या खाण्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, दहा-दहा, पंधरा-पंधरा. ह्याच ढिगांवर रात्री तरस येतं, लांडगाही येतो, कारण ससे आणि चिंकारे कमी झालेत आणि आयतं कुणाला नको? तिथे भेटी होतात. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग त्यातून रानातल्या जनावरांना लागतो. २०१८ मध्ये गीरचे सिंह मेले त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त अस्वस्थ करते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुण्याजवळच्या माळावरच्या लांडग्यांत वेगळ्याच रंगाची जनावरं होती त्यांची जनुकं तपासली, आणि कुत्र्याशी संकर झाल्याचं सिद्ध झालं. कळप लहान झाला, जोडीदार मिळेना, की लांडगी कुत्र्याशी जमवून घेते. म्हणजे एकही गोळी न झाडता, एकही सापळा न लावता हे पुरातन घराणं आपण पातळ करत नेतोय. काही वर्षांनी खिंडीत उन्हं कलताना काहीतरी उभं दिसेलही. कदाचित बिस्किट मागायला आलेलं असेल.

लिहिता लिहिता चिडलो. असो.

माळरानासाठी काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये घोषित झालेलं, चिंकाऱ्यांसाठी. क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही. काळविटांचं रेहेकुरी अभयारण्य दोन चौरस किलोमीटरच्या थोडं वर. लांडग्याच्या एका कळपाला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. मयूरेश्वर त्याला अंगणासारखं आहे, घर बाहेरच. इंदापूरकडे कडबनवाडीला आणि बारामतीकडे शिर्सुफळला वनखात्याने माळरानाची सफारी सुरू केली, ते मला आवडलं. पैसे भरून लोक कुसळं बघायला जातात हे अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण सफारीच्या कुंपणापलीकडचा माळ कुणाचा? तो आमच्यासारख्यांचा. गायरान, वनखात्याचे तुकडे आणि मधेमधे लोकांचे पोटखराबे, ह्यांची गोधडी आहे ती. लांडगा ह्या गोधडीवर जगतो, आणि तिचा एकेक तुकडा उसवतोय.

ह्याच देशाने माळावरचा चित्ता संपवला, १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं, आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियाहून विमानाने चित्ते आणले. त्याबद्दल आनंदच आहे. पण लांडगा संपल्यावर तो कुठून आणणार? हे घराणं उपखंडाबाहेर मिळत नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. लांडगा मुलं नेतो त्याचं काय? खरं आहे. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, त्या आयांपुढे मी हे एक वाक्यही वाचून दाखवू शकणार नाही. आपल्याकडे जुन्नर-शिरूर भागात २०२५ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत मुलं गेली, लोक रस्त्यावर उतरले. भीती खोटी नाही. पण आमच्या गावात, तात्यांना विचारा, लांडग्याने माणसाला धरल्याची एकही गोष्ट नाही. शेळ्या-मेंढरांच्या गोष्टी शंभर. आणि बिबट्या आमच्याकडे कधी नव्हता. पाणी आलं, ऊस आला, उसात लपायला जागा झाली, तेव्हा तो आला. माळ मोकळा होता तेव्हा लांबून सगळं दिसायचं, लांडग्यालाही आणि आपल्यालाही. जागा बदलली की जनावर बदलतं, इतकं साधं आहे हे.

दुसरा प्रश्न चुलतभावाने ग्रुपवर विचारलाच आहे. "दादा, आपल्या चार एकरांनी लांडगा वाचणार आहे का?" नाही वाचणार. पण आमच्या शेजारचा आठ एकरवाला हेच म्हणतो, त्याच्या पलीकडचा पंधरा एकरवालाही हेच म्हणाला आणि विकून मोकळा झाला. त्याच्या कुंपणाच्या तारेत गेल्या वर्षी चिंकाऱ्याचं पाडस अडकून मेलं. आत अजून एकही घर नाही. प्लॉट नुसते आखलेत, सिमेंटचे खांब रोवलेत, मालक पुण्या-मुंबईत आणि भाव वाढायची वाट बघतायत. म्हणजे आधी नालायक म्हणून घेतला आणि आता खरोखरच कुणाच्याच उपयोगाचा उरला नाही, मेंढराच्याही नाही.

मी पुण्यात बसून बोलतोय हे मला कळतं. माझा फ्लॅट हडपसरच्या पुढे ज्या जागेवर उभा आहे तिथेही तीस वर्षांपूर्वी ससे असणार, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पोटखराबा असणार, आणि मी घेताना विचारलं ते फक्त पाण्याचं आणि लिफ्टचं. चुलतभावाच्या डोक्यावर डाळिंबाच्या बागेचं कर्ज आहे. तेल्या रोगाने दोन हंगाम गेले. त्याच्या मुलीला नर्सिंगला पाठवायचंय. मला पगार आहे आणि त्याला माळ आहे, आणि पगारवाल्याने माळवाल्याला निसर्ग शिकवणं ह्याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं. हे सगळं मला मान्य आहे, रे बाबा. म्हणूनच नुसतं 'नाही' म्हणून गप्प बसलेलो नाही.

माझं म्हणणं असं. खालचा ओढ्यालगतचा तुकडा, ज्याला खरा भाव आहे, तिथला माझा हिस्सा तू घे. हक्कसोडपत्र करून देतो, तो तारण ठेव, विक, काय करायचं ते कर, मुलीचं थांबवू नकोस. वरचा पोटखराबा मात्र सामाईक राहू द्या. त्याला तार नको, चर नको, माझी ऑफिसवाली रोपं तर नकोतच. अण्णांसारखं पावसाळ्यात बंद ठेवायचं, दिवाळीला गवत कापायचं. चाऱ्याचे भाव तुम्ही मला सांगता, मी तुम्हाला काय सांगू. कापणी झाली की मामांचा वाडा उतरू दे. वर्षाला जे काही येईल ते तुमचं, मला त्यातला पैसा नको. आणि कागदावर पोटखराब लिहिलंय ते राहू दे तसंच. त्या शब्दाचा मला राग आहे, पण नालायक म्हणून का होईना, कुणी हात लावला नाही तर माझी तक्रार नाही.

तात्या, तुम्ही ग्रुपवर काहीच बोलला नाहीत, नुसता अंगठा टाकलात. तोसुद्धा बहुतेक नातवाने दाबला असणार. अण्णांनी तुम्हाला त्या कुरणासाठी मारलं होतं, मला नाही, तेव्हा ह्यावर तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही विका म्हणालात तर मी सही करीन.

रविवारी येतोय. दुपारच्या बसने, म्हणजे चारपर्यंत पोचेन. कागद, पार्टी, जे काय असेल ते जेवणं झाल्यावर. त्याआधी उन्हं कलताना आपण तिघं खिंडीपाशी जाऊन बसू. तासभर, बोलायचं नाही, फोन घरी ठेवायचे. कुसळं लागतात, तेव्हा जुने पायजमे घाला.